मालकीची तालीम

तमाम लोकांस या जाहीर निवेदनाने कळविण्यात येते की, सोलापुरात आमचे एक घरमालक होऊन गेले आणि त्यांच्या आठवणींचा संपूर्ण ताबा आज रोजी माझ्याकडे आहे. सदर आठवणींवर कोणाचा हक्क, हिस्सा, गहाण, दान, पोटगी अथवा वहिवाट असल्यास त्याने आत्ताच पुढे यावे. मागाहून आलेल्या तक्रारीचा विचार केला जाणार नाही.

कोणी आलं नाही? उत्तम. म्हणजे मी बोलायला मोकळा.

एवढा बंदोबस्त कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तो त्यांच्याच धाकाने. आज ते असते, तर हा कागद हातात घेऊन त्यांनी आधी विचारलं असतं, "मास्तर, ह्या आठवणी कुणाच्या? माझ्या का तुमच्या?" आणि मी "माझ्या" म्हणताच, "पावती हाय?"

मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून सोलापुरात आलो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातात छत्री. भुसार मालाचे व्यापारी, कपाळाला भस्म, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, असे एक उंच गृहस्थ दारात उभे. दुसऱ्या कोणी नाव विचारलं असतं, जात विचारली असती, गेला बाजार पगार तरी. ह्यांनी विचारलं,

"छत्री कुणाची?"

"माझीच."

"पावती हाय?"

"नाही. वडिलांनी दिली."

"दिली की वापरायला दिली?"

मी गोंधळलो. छत्री देताना वडील फक्त "भिजू नकोस" एवढंच म्हणाले होते.

"त्यात लई फरक हाय, मास्तर," ते म्हणाले, "इचारून घ्या एकदा पत्र घालून." आणि जिन्यावरची खोली मला दिली. दिली म्हणजे अर्थातच वापरायला.

माणूस म्हणून सोन्यासारखा. पण बूड टेकवून बसलेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. झोपाळ्यावर बसत तेव्हा एक पाय जमिनीवर रोवलेला असे. कोणी "उठा" म्हणण्याआधीच उठता यावं म्हणून. चहा उभ्याने, तोही ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. दुकानातून घरी येत ते घर जागेवर आहे का हे बघायला, आणि घरातून दुकानात जात ते दुकान आहे का हे बघायला. गिरणीचा भोंगा झाला की सगळं सोलापूर घड्याळ लावून घ्यायचं. आमचे मालक किल्ल्या चाचपायचे.

मालकीणबाई बरोबर उलट. शांत, ठेंगण्या, मराठीपेक्षा कानडीच जास्त बोलणाऱ्या आणि त्याहूनही जास्त गप्प राहणाऱ्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या येरझाऱ्या त्या चुलीसमोर बसून नुसत्या पावलांवरून ओळखत. "आज लई फिरायलेत," म्हणायच्या, "कायतरी घ्यायचं मनात आलं असंल."

आणि खरंच मनात आलं होतं. चाळ!

गिरण्यांच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराची, गिरणीत जाणाऱ्या कुटुंबांनी भरलेली चाळ. चाळ होती गिरणीतल्या एका जुन्या जॉबराची. जॉबर म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम. तो आता काम सोडून नातेपुत्याकडे आपल्या गावी निघाला होता. त्याची अट एकच. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उभी राहायच्या आत सौदा उरकायचा. मालकांनी इसार दिला, चाळीला तीन बाजूंनी हात लावून पाहिला, परत आले आणि मग त्यांना तो भयंकर प्रश्न पडला. चाळ घ्यायची, पण कुणाच्या नावावर?

त्यांनी वकिलांना घरी बोलावलं. वकील झोपाळ्यावर बसले, मालक त्यांच्याभोवती फिरू लागले, आणि मी मालकांच्या आज्ञेवरून साक्षीला बसलो.

वकील म्हणाले, "हे बघा, चाळीचा पैसा सरकीच्या सौद्यातला, तुमच्या एकट्याचा. पण भुसाराचं दुकान तुमचं आणि मंद्रूपच्या धाकट्या बंधूंचं एकत्र आहे. तुमच्या नावावर चाळ घेतलीत, तर तुमच्या माघारी बंधू म्हणतील, दुकानाच्याच पैशातली, म्हणजे एकत्र कुटुंबाची. मूल नाही तुम्हाला. त्यांचं खरं ठरलं तर बाईंना पोटगी मिळेल. डोक्यावर छप्पर मिळेलच असं नाही."

माजघराच्या दारामागे मघापासून बांगड्या वाजत होत्या. त्या थांबल्या.

मालकांना ते ऐकू गेलं नाही. ते विचारत होते, "मग बायकोच्या नावावर घेऊ?"

"घ्या. पण खरोखर दिलीत तर तिची. नुसतं नाव वापरलंत तर ती तुमचीच, म्हणजे पुन्हा भांडण आलं."

"दिली की वापरली," मालक माझ्याकडे बघून म्हणाले. "तुमची छत्री आली बगा."

वकिलांनी मग आणखी वाटा सांगितल्या. भागीदारी करता येते. देवाच्या नावावर घेता येते. आणि हल्ली सायबाच्या कायद्याने कंपनीही काढता येते. मालकांचे डोळे एकेका वाटेसरशी विस्फारत गेले. वकील गेल्यावर ते रात्रीच्या भाकरीपर्यंत फिरत राहिले आणि मग अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी निकाल दिला.

"कोट अंगात घालून बघितल्याबिगर कोण घेतंय का? न्हाय. मग मालकी कशी घ्यायची? आदी घालून बगू. एकेक आठवडा. हे घर म्हंजेच चाळ समजायचं, आन् तालीम करायची!"

मंडळी, नाटक कंपन्यांच्या तालमी मी पाहिल्या आहेत. पण त्या महिन्या-दीड महिन्यात आमच्या घरात जे चाललं त्याला तोड नाही, आणि त्यात मला एकदाही बिनभूमिकेचं राहू दिलं गेलं नाही.

पहिला मान एकत्र कुटुंबाला. मंद्रूपहून बंधू आले, बायकामुलांसह आले, आणि ज्वारीचं पोतं आणायला विसरून आले. गडी गोड बोलणारा. पहिल्या दिवशी तो मोठ्या भावाच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी भिंतीला काठी लावत फिरताना दिसला.

"काय मोजायलास?" मालकांनी विचारलं.

"काय न्हाय, दादा. चाळीत मदल्या खोल्या आमच्या, कडंच्या तुमच्या, असं धरलं तर कसं दिसंल ते बगत हुतो की."

"आन् तुजी वयनी?"

"वयनी?" बंधू मनापासून गोंधळला. "वयनी आमच्यात खातील की भाकरी. त्यास्नी खोली कशाला?"

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, आणि तेच वाईट होतं. अव्वा तेव्हा त्याच्याच ताटात दुसरी भाकरी वाढत होत्या. त्यांनी ती वाढली, वर शेंगांची चटणी वाढली, आणि आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात मालकांनी मला भागीदार केलं. घरातला कुठलाही निर्णय आता दोघांच्या संमतीने. परसातल्या शेवग्याची फांदी तोडायची का? मी म्हणालो, "तोडा." रांजण हलवायचा का? "हलवा." मालकांचा चेहरा पडत गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी भागीदारी मोडली.

"पण मी तर प्रत्येक गोष्टीला हो म्हणालो!"

"तेच की! इचार न करता जो हो म्हंतो, तो उद्या दुसऱ्याला बी हो म्हणंल. भागीदार म्हंजे आपलं अर्दं डोकं दुसऱ्याच्या मानेवर. तुमची मान लई हलती, मास्तर."

मग देव. देव्हाऱ्यातल्या महादेवाला मालकी दिली आणि स्वतः वहिवाटदार झाले. घरात शिरताना उंबऱ्यावर थांबून देव्हाऱ्याच्या दिशेने "येऊ का?" विचारायचे. देव काही बोलत नसे, तेव्हा बाहेरच थांबायचे. अव्वा आतून "या" म्हणत, तेव्हा सुटका व्हायची. भिक्षेला येणारे जंगम, त्यांना आम्ही अय्या म्हणत असू, त्यांनी हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कांबळं घेऊन ओसरीवर पथारी टाकली.

"अय्या, हे काय?"

"देवाचं घर हाय म्हणता न्हवं? मग आमी कुटं जायचं?"

अय्यांना बाहेर काढायला देवाची मालकी मोडावी लागली. जाताना मालक त्यांना म्हणाले, "रागावू नका. पुडच्या सोमवारी या. साक्षीला लागताव."

कारण पुढचा आठवडा अव्वांचा होता.

इथे मला जरा थांबायला हवं. हसण्याच्या भरात तुमचा समज होईल की हा माणूस नुसता चक्रम होता. चक्रम होताच. पण एकदा तळ्याच्या काठाने झपाझप चालताना (बसून त्यांनी हे सांगितलंच नसतं) त्यांनी मला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. वडिलांनी लिंबाची बाग घेतली होती. चुलतभावांशी कज्जा चालू होता म्हणून जिवलग मित्राच्या नावावर घेतली. मित्र होता तोवर ठीक चाललं. तो गेला. नंतर एकदा वडील टोपली घेऊन बागेत गेले, बरोबर हे लहानगे. फाटकात मित्राचा मुलगा उभा. त्याने वडिलांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कोण तुमी?"

"मास्तर, माजा बाप बोलायला एवडा तरबेज. बाजारात त्याच्यापुडं कोन उबा ऱ्हायचा न्हाय. पन त्या फाटकात त्याला उत्तर सापडंना. टोपली घेऊन तसाच मागं फिरला. आन् त्या दिवसापास्नं सोताच्या घरात बी असा बसायचा, जसं काय दुसऱ्याच्या घरात बसलाय."

एक पाय जमिनीवर रोवून, हे मी मनात म्हणालो.

तर अव्वांचा सोमवार. वकिलांचं वाक्य मालकांनी घट्ट धरलं होतं: खरोखर दिली तर तिची. म्हणून तालीमही खरी व्हायला हवी. अव्वांना पाटावर बसवलं. त्यांच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं. अय्या साक्षीला. मालकांनी तांब्या उचलला आणि पानावर पाण्याची धार धरून स्वच्छ आवाजात म्हणाले, "गिरण्यांमागची चाळ तुला चोळीबांगडीला दिली."

चोळीबांगडीला दिलेलं आमच्याकडे परत घेत नाहीत. ते माहेरच्या-सासरच्या कोणाचं राहत नाही. त्या बाईचं होतं. मालकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण तालमीत मरणारा नट उठून घरी जेवायला जातोच, तसं त्यांना वाटलं असावं. अव्वांनी मात्र पाणी जमिनीवर सांडू दिलं नाही. ओंजळ केली, डोळ्यांना लावली आणि उठल्या.

आणि मालकीण काय असते ते आम्ही पाहिलं!

दुसऱ्याच दिवशी त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या, छताकडे पाहिलं आणि गवंडी बोलावला. ते छत मालकांनी गळतं ठेवलं होतं, कारण पावसाचं पाणी कोणाच्या हद्दीतून येतं याचा निकाल त्यांना लागला नव्हता. आठवड्याचं भाडं त्यांनी माझ्याकडून घेतलं. मग झोपाळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं?"

मालक हसले. "माजं काय?"

"भाडं. तुमी बी ऱ्हाताव की हितं."

मालकांनी बंडीच्या खिशातून पैसे काढले आणि सवयीने विचारलं, "पावती?"

अव्वांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी कागदाचा कपटा घेतला, हळदीत बोट बुडवून त्यावर उठवलं आणि हातात दिला. मालकांनी तो उलटून-पालटून पाहिला, घडी करून टोपीत ठेवला. किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून काढून अव्वांना दिला. आणि मग, मी जिन्यात उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी दोन्ही पाय वर घेतले. झोपाळ्यावर मांडी घातली! चहा बसून प्यायला! दुपारी ओसरीवरून घोरण्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कोणी पाहुणा आलाय.

"मालक, नळ ठिबकतोय," मी मुद्दाम म्हणालो.

"मालकिणीला सांगा," ते डोळे मिटून म्हणाले. "भाडेकऱ्याची झोप मोडू नगा."

सगळा आठवडा भोंगे झाले, पण त्यांचा हात एकदाही कमरेला गेला नाही.

पण सोमवार उजाडला आणि शाळेतून मागून आणलेली घंटा वाजवत मालक अंगणात आले. आता कंपनी! कंपनीवर त्यांचा फार जीव होता. "कंपनीला भाऊ न्हाय, बायको न्हाय, मरान न्हाय. अशी वस्तू सायबालाच सुचनार!" त्यांनी किल्ल्या मागितल्या. अव्वांनी लगेच दिल्या.

"घर घ्या, किल्ल्या घ्या," त्या म्हणाल्या. "चाळ तेवढी न्हाय."

"अगं, तालीम हुती ती!"

"तालीम असंल. पाणी खरं हुतं."

मालक हसायला गेले आणि मधेच थांबले. मग भांडले, समजावलं, कानडीत समजावलं. अव्वा भाकरी थापत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी मागाय आले न्हवते. तुमी दिली. आता अय्यांना बोलवा, आन् सोडलेलं पाणी परत तांब्यात घाला. मग करा कंपनी."

कंपनीची सभा झाली ती अशा हवेत. अध्यक्ष मालक, चिटणीस मी. वांग्याची भाजी करण्याचा ठराव एकमताने संमत झाला आणि अंबाडीची भाजी वाढली गेली. अध्यक्षांचं लक्षच नव्हतं. त्यांचं एकेक पाऊल पुन्हा ओसरी मोजू लागलं होतं, आधीपेक्षा दुपटीने. वकिलांनी निरोप धाडला की कंपनीला निदान दोन माणसं लागतात, तेव्हा ते नुसतं म्हणाले, "म्हंजे दुसरा मानूस आलाच. तो कुटंच सोडत न्हाय."

त्याच संध्याकाळी जॉबर आला. दारातच उभा राहिला.

"शेट, आमी गावाकडची मानसं. एका दमात बोलतो. दुसरं गिऱ्हाईक आलंय. उद्याच्याला कचेरीत कागद करा, न्हाय तर इसार बुडाला आन् चाळ बी. गड्डा आला तोंडावर. तुमी काय तिचं लगीन लावायलाव का चाळीचं?"

तो गेला. अव्वा माजघराच्या दारात होत्या. वकील आले होते तेव्हासारख्याच उभ्या होत्या, आणि बांगड्या तशाच मुक्या. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या बांगड्यांचं न वाजणं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. थोड्या वेळाने ते माझा जिना चढले आणि दारात उभे राहिले.

"मास्तर, मी दिली का वापराय दिली?"

"ते मला कसं ठाऊक? पाणी तुम्ही सोडलंत."

"भावाच्या बोलण्यात वाईट कायबी न्हवतं," ते एकदम म्हणाले. "माज्या बापाच्या मित्राच्या पोराच्या बी मनात कदाचित नसंल." आणि खाली गेले.

सकाळी आम्ही तिघे टांग्यातून कचेरीत गेलो. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली दस्त लिहिणारा कारकून चटईवर बसला होता. जॉबराचं नाव, चाळीच्या चतुःसीमा, सगळं लिहून झालं. "घेणाऱ्याचं नाव?" त्याने टाक शाईत बुडवला.

मालक झाडाभोवती एक फेरी मारून आले. तोंड उघडलं. मिटलं. दुसरी फेरी. जॉबर कपाळाला हात लावून बसला. अव्वा टांग्यात पदर सावरून बसल्या होत्या, पुतळ्यासारख्या. हा माणूस आता काय बोलतो! कंपनी? महादेव? बंधू?

"लिवा," मालक म्हणाले. "आमच्या घरातलं."

"घरातलं म्हणजे? भावाचं?"

"न्हाय हो. घरातलं!"

"असं नाव असतं का, शेट?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळ त्यांनी देऊन टाकली होती. अडली होती ती जीभ! लग्नात उखाण्यापुरतं घेतलेलं बायकोचं नाव त्या पिढीतला माणूस पुन्हा कधी उच्चारत नसे. मालक लाजले होते. कान लालबुंद झाले होते. त्यांनी टांग्याकडे पाठ केली, टोपी सारखी केली आणि ते नाव घेतलं. एवढ्या मोठ्याने घेतलं की टांग्याच्या घोड्याने मान वळवली. नाव मी इथे सांगत नाही. ते अव्वांचं आहे.

आत कचेरीत सब-रजिस्ट्रार नाकावर चष्मा ठेवून दस्त वाचू लागले. जॉबराला विचारलं, पैसे पोचले का? पोचले. अव्वा पदराआड उभ्या राहिल्या, मी ओळख पटवली. कागदावर शिक्का बसला. मी सहज बाकाकडे पाहिलं. मालक पाठ टेकून बसले होते. सगळा भार टाकून, पाय हलवत, बाक जणू त्यांच्यासाठीच घडवलेला.

साहेबांचंही लक्ष तिकडे गेलं. विकणारा समोर होता, घेणारी समोर होती, साक्षीदार मी होतो. मग हा एवढा ऐसपैस बसलेला इसम? त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं,

"आणि तुम्ही कोण?"

ते फाटक, ती टोपली, तो निरुत्तर बाप, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कोण तुमी! नेमका हाच प्रश्न, या माणसाला, आणि आजच्या दिवशी! अव्वांनीही चमकून मान वर केली.

मालकांचा हात टोपीकडे गेला, हळदीचं बोट उठलेला तो कपटा त्यांनी बाहेर काढला, आणि सबंध कचेरी ऐकेल अशा खुशीत ते ओरडले,

"मी? मी ह्यांचा भाडेकरू हाय की, सायेब! पावती दाखवू?"